ओळीच्या कपाळावरची वेळ

कोजागिरी झाली आणि आमच्या इमारतीतलं पहाटेचं पाणी जायला लागलं. उजाडायच्या सुमाराला नळ नुसता सूं करायचा, चार थेंब टाकायचा आणि गप्प व्हायचा. साडेसहाला महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत आलं, रामदासने पंप लावला, की पुन्हा सगळं सुरळीत. पण मधल्या वेळात शाळेची मुलं, लवकर कामावर निघणारी माणसं, सगळी तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन जिन्यात येऊन बोलायची. बोलायची ती अर्थात रामदासलाच.

रामदास आमचा वॉचमन. मूळचा कणकवलीकडचा. इथे चाळ होती तेव्हापासूनचा. चाळ पाडून सात मजले उभे राहिले तेव्हा त्याला जिन्याखालची खोली मिळाली. त्याची नोकरी आणि त्याचं घर एकाच दरवाजात आहे, एक गेलं की दुसरंही गेलं. रोज रात्री नऊ वाजता पंप लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची आणि पंप बंद करायचा, हे त्याच्या कामांतलं मुख्य काम.

"भरतो म्हणतो, पण भरत नाही," पाचव्या मजल्यावरच्या मालनकाकू म्हणायच्या. "डोळा लागतो त्याचा. नाहीतर भरलेली टाकी रात्रीतून पितो कोण? अगस्ती ऋषी राहायला आलेत का आपल्याकडे?"

मालनकाकू आमच्यात वयाने मोठ्या. कार्तिकस्नानाचा नेम इमारतीत त्यांच्यामुळेच टिकला आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज सूर्योदयाच्या आधी स्नान, मग दिवा, मग तुळशीची पूजा. आम्ही आठ-नऊ जणी त्यांच्यामागून हे व्रत धरतो. मी त्याला यंदा आणखी एक जोड दिली होती. स्नानापासून दिवेलागणीपर्यंत मौन. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करत होते तोवर हे जमण्यासारखं नव्हतं. आता निवृत्ती घेतल्यावर म्हटलं, आयुष्यभर टेलिफोनवर बोलले, एक महिना न बोलून बघू.

माझे यजमान मनमोहन यांना या मौनाची फार गंमत वाटे. "तू नवस केलास, पण फळ मला मिळालं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

भाऊबीज झाल्यावरच्या शुक्रवारी आमचे सेक्रेटरी अभयराव संध्याकाळी घरी आले. माझा दिवा लागला होता, त्यामुळे बोलायची मोकळीक होती.

"ताई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या. जरा खाली ऑफिसात येऊन बघता का? टाकीला ते पातळी सांगणारं यंत्र बसवलंय ना, ते बोलतं खूप, पण कामाचं काही सांगत नाही."

यंत्राची वायर तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी. पातळी नव्वद. पातळी ऐंशी. पंप चालू. पातळी पंच्याऐंशी. पंप बंद. एक ओळ आली की आधीच्या वर सरकायच्या. सगळं खरं असावं, पण केव्हाचं, ते कुठेच नव्हतं. ज्याने यंत्र बसवलं त्याच्या डोक्यात एवढंच असणार की पडद्यासमोर कुणीतरी बसलेलं असेल आणि भिंतीवर घड्याळ असेल.

"रविवारी सभा आहे," अभयराव म्हणाले. "रामदासला काढून एजन्सीचा माणूस ठेवायचा असं बहुतेकांचं मत आहे. मला उगाच कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण तो नऊला पंप लावतो की नाही, याचा पुरावा पाहिजे. या ओळींना वेळ लावता येईल?"

"येईल की," मी म्हटलं. "छोटंसं काम आहे."

खरोखरच छोटं होतं. पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे एक चिमुकला प्रोग्राम. यंत्राचा प्रोग्राम जे बोलतो ते पडद्यावर न जाता आधी माझ्या स्क्रिप्टकडे यायचं. ओळ आली की स्क्रिप्टने घड्याळ बघायचं, ओळीच्या कपाळावर तारीख आणि वेळ लिहायची, आणि ओळ फायलीत सोडून पुढच्या ओळीची वाट बघायची. बस. मी आधी हाताने दोन-चार ओळी टाइप करून बघितल्या. प्रत्येकीला तिची वेळ नीट लागली.

ते बघताना मला संकल्प आठवला. पूजेला बसताना आपण हातात पाणी घेऊन आधी काळ सांगतो, मग देश. कोणतं शक, कोणतं संवत्सर, दक्षिणायन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मग आपलं नाव, गोत्र. हे सगळं झाल्यावर मी अमुक करते म्हणायचं. लहानपणी मला वाटायचं, देवाला काय तिथी माहीत नाही? वडील म्हणायचे, त्याला माहीत आहे, तुला माहीत असावी म्हणून. त्या काळ्या पडद्यावर ओळींना वेळ लागत होती तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, बिनसंकल्पाचं काम चाललं होतं, आता मार्गी लागलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तुळशीला पाणी घालून मी आत येते तोच अभयराव दारात.

"बोलू नका, बोलू नका, मौन आहे माहितीय मला. नुसतं बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. ऑफिसात जाऊन त्यांनी फाइल उघडली होती आणि पंपाच्या तेवढ्या दोन ओळींचा फोटो काढून आणला होता. पंप चालू, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पंप बंद, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

"म्हणजे रात्री लावलाच नाही," ते म्हणाले. "आणि सकाळी लोकांनी बोंब मारल्यावर बटण दाबलं आणि लगेच सोडलं. दाखवायला. मला वाईट वाटतं ताई, पण तुमच्या मशीनला काय, ना नातं ना गोतं. ती कशाला खोटं बोलेल?"

त्या दोन ओळींत काहीतरी खुपत होतं. पंप एका मिनिटात चालू आणि बंद, हे मला पटेना. फाइल पूर्ण बघितली का, एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण तोंड बंद. मी मान हलवली, ऐकलं अशा अर्थाने. त्यांनी ती पटलं अशा अर्थाने घेतली आणि गेले.

अकरा वाजेपर्यंत ही गोष्ट सातही मजल्यांवर पोचली. दुपारी दार वाजलं. रामदास होता. टोपी हातात.

"वहिनी, तुमच्या मशीनने माझं नाव सांगितलं म्हणे." तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मी नऊला बटण दाबतो. टाकी वाहायला लागली की आवाज येतो, मग बंद करतो. हे मी कितीकदा सांगू? भरलेलं पाणी रात्रीत खंय जाता, माका म्हायत नाय. तुमका तरी वाटता काय, मी झोपतो म्हणून?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मनमोहन दादरला त्यांच्या बहिणीकडे गेलेले. लिहून द्यावं असं मनात आलं, पण लिहिणार काय? मलाच माहीत नव्हतं. देवावर सोड, थोडं थांब, संध्याकाळी बघते, असं सगळं एकत्र सांगायचं म्हणून मी त्याला हात जोडले.

त्याने क्षणभर माझ्या हातांकडे बघितलं. "बरं," म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

त्या दिवशी जपात मन लागलं नाही. माळ पुढे जायची आणि माझं लक्ष मागेच राहायचं.

दिवेलागण झाली. देवापुढे दिवा लावला, तुळशीपाशी पणती ठेवली, हात जोडले आणि बाहेर आले. मनमोहन नुकतेच परत येऊन चहा पीत होते. दिवसभराचं साठलेलं एका दमात बाहेर पडलं.

"गॅसवाला येऊन गेला, सिलिंडर आत ठेवलाय. शेजारच्या धैर्यवानांकडून लाडू आलेत, त्यांचा डबा परत द्यायचाय. पोपट येऊन गॅलरीतली मिरची खाऊन गेला. आणि रामदास आला होता, फार वाईट वाटलं मला."

"रामदास आत्ता आला होता? मला जिन्यात दिसला नाही तो."

"आत्ता कुठे? दुपारी."

"आणि गॅसवाला?"

"सकाळी."

मनमोहन हसले. "अगं, मग तसं म्हण. कोजागिरीपासून माझी समजूत अशी झालीय की या घरात दिवसभर काही घडतच नाही. गॅसवाला, पोपट, लाडू, सगळे बिचारे बाहेर रांगेत उभे असतात आणि तुझा दिवा लागला की एकदम आत घुसतात."

मी त्यांचा रिकामा कप उचलायला वाकले होते, तशीच थांबले.

सहा वाजून दहा मिनिटं. चालू आणि बंद, एकाच मिनिटात.

नोकरीत असताना हे मी नव्या मुलांना शिकवलं होतं, आणि निवृत्तीच्या एका वर्षात विसरले होते. प्रोग्राम पडद्यावर लिहीत असेल तर ओळीमागून ओळ लगेच देतो, कारण समोर माणूस बसलाय असं तो धरून चालतो. पण तेच बोलणं दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात जाणार असेल, तर तो वेगळा वागतो. सारख्या फेऱ्या कशाला, म्हणून ओळी पिशवीत साठवतो. पिशवी भरली की एकदम उपडी करतो. माझी स्क्रिप्ट इमानाने प्रत्येक ओळीच्या कपाळावर वेळ लिहीत होती, पण ती ओळ तिच्यापर्यंत पोचल्याची वेळ. ओळ जन्मली केव्हा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रभराची पिशवी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उपडी झाली असणार. मी हाताने टाइप करून तपासलं तेव्हा मध्ये पिशवीच नव्हती, म्हणून सगळं बरोबर दिसलं.

आणि मी काय केलं होतं? संकल्प कर्माच्या आधी म्हणायचा, तो मी प्रसाद वाटताना म्हटला होता.

"जाऊन येते ऑफिसात," मी म्हटलं.

"आता काय झालं?"

"माझी चूक झालीय. तुमच्या पोपटाने दाखवली."

खाली रामदासच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत दिवा होता. मी आधी ऑफिसात गेले. फाइल पूर्ण उघडली. अंदाज खरा निघाला. रात्रभराच्या शंभरेक ओळी, सगळ्यांच्या कपाळावर तीच एक वेळ. दुरुस्ती स्क्रिप्टपेक्षाही छोटी होती. प्रोग्राम सुरू करताना त्याला सांगायचं, ओळ साठवू नकोस, झाली की दे. ते सांगितलं, थोडा वेळ समोर बसून बघितलं. ओळ आली, वेळ लागली. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळली.

तिथूनच अभयरावांना फोन लावला. "सकाळची वेळ चुकीची होती. यंत्राची नाही, माझ्या स्क्रिप्टची चूक."

"बरं, चुकीची," ते म्हणाले. "मग खरी कोणती? नऊला लावला होता का त्याने?"

"ते कालच्या ओळींवरून आता नाही सांगता येणार."

"मग आजच्या घेऊन उद्या सभेत या, ताई. सभा काही मी थांबवू शकत नाही, नोटीस लागलीय."

परत जाताना रामदासच्या दारापाशी थबकले. आतून काही सरकवल्याचा आवाज आला. जेवायच्या तयारीत असेल, उगाच अर्धवट काय सांगायचं, असं वाटून वर आले.

रविवारी पहाटे उठले, स्नान केलं, पूजा केली, आणि उजाडल्यावर खाली जाऊन फाइल उघडली. आता प्रत्येक ओळीला तिची स्वतःची वेळ होती. रात्री नऊला पंप चालू. पाऊण तासाने पातळी शंभर, पंप बंद. अगदी रामदास म्हणत होता तसं. त्यानंतर रात्रभर पातळी जवळजवळ जागची हलली नव्हती. म्हणजे गळती नाही, चोरी नाही. आणि मग पहाटे साडेचारच्या पुढे ओळी भराभर खाली उतरत गेल्या होत्या. नव्वद, पंच्याहत्तर, साठ. सव्वापाचला तीस. सहाच्या आत शून्य.

पुढचं वाचायची गरज राहिली नाही. पावणेपाचला मी माझा गीझर लावला होता.

चाळीत आम्ही हेच व्रत करत होतो. पण तिथे न्हाणी सामायिक होती, एकेकीने एक बादली घ्यायची आणि दुसरीला जागा द्यायची. नव्या इमारतीतला हा पहिलाच कार्तिक; आता घरोघरी शॉवर, घरोघरी गीझर, आणि गीझरचं पाणी गरम येईपर्यंत आधीचं गार सोडून द्यायचं. शिवाय स्वतःचं झालं की देवाची भांडी, तुळशीचं वृंदावन, सोवळ्याचं लुगडं, उंबरा. रात्री बादली भरून ठेवली तर? तर ते पाणी शिळं. शिळ्या पाण्याने व्रताचं स्नान करायचं नाही, पूजेला तर ते घ्यायचंच नाही. म्हणून आम्ही सगळ्याजणी, एकमेकींना न सांगता, त्याच एका तासात ताजं पाणी घेत होतो. आणि नंतर नळ सूं करायला लागला की रामदासच्या नावाने बोलत होतो. मीही बोलले होते, दिवा लागल्यानंतरच्या वेळात.

सभा दहाला होती. माझं मौन दिवेलागणीपर्यंत. मनमोहन म्हणाले, "मी वाचून दाखवतो तुझ्या वतीने." मी मानेने नको म्हटलं. देवापुढे बसले, पळीभर पाणी हातावर घेतलं, आणि नेम धरताना जसा संकल्प सांगितला होता तसाच सोडताना सांगितला. तिथी सांगितली. कारण सांगितलं. पाणी ताम्हनात सोडलं.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रामदास खांबाला टेकून उभा. अभयरावांनी विषय काढताच मी उठले.

"काल जी वेळ दाखवली ती चूक होती," मी म्हटलं. "चूक माझी. रामदासने परवाही वेळेवर पंप लावला असणार, आणि काल तर नक्कीच लावलाय."

"जरा मोठ्याने," मागून कुणीतरी म्हणालं. माझा आवाज मुळातच लहान, त्यात दोन-तीन आठवडे दिवसा न वापरलेला.

"काल तुम्ही मान हलवलीत ना, ताई," अभयराव गोंधळले.

"ऐकलं म्हणून हलवली. तुम्ही चुकलात असं नाही. मी बोलले नाही."

मग मी रात्रीच्या ओळी वाचून दाखवल्या. साडेचारपर्यंत पोचले तेव्हा बायकांच्या बाजूला माना खाली गेल्या. कुणी कुणाकडे बघेना.

मालनकाकू उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे पाणी आम्ही प्यायलो, असं तुझं म्हणणं, राजलक्ष्मी."

"आपण वापरलं, काकू. त्यात मीही आहे."

"देवाच्या आंघोळीलासुद्धा आता मीटर लावणार का तुम्ही? साठवलेल्या पाण्याने नाहायचं तर व्रत कशाला करायचं? त्यापेक्षा उशिरापर्यंत लोळत पडेन मी."

"व्रत सोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्या स्नानापायी त्याची खोली जाणार होती."

काकू वळल्या. पर्स उचलून लिफ्टकडे गेल्या. अभयरावांनी एजन्सीचा विषय कागदावरून खोडला आणि घसा खाकरून पुढचा विषय घेतला.

सभा संपल्यावर मी रामदासकडे गेले. खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर पत्र्याची ट्रंक, झाकण उघडं, आत घड्या घातलेले कपडे, वर देवाची तसबीर.

"हे काय?"

"काल दुपारी भरली, वहिनी. तुम्ही हात जोडलात ना, मला वाटलं, संपलं. वहिनी माफी मागतात म्हणजे सगळं ठरलेलं असणार." तो तसबीर काढून पुन्हा खिळ्याला लावत होता. "संध्याकाळी तुम्ही ऑफिसात आलात, तेव्हा तीच सरकवत होतो खाटेखालून."

तो आवाज मी ऐकला होता. तेव्हा माझं मौनही सुटलेलं होतं. एवढंच सांगायचं होतं की माझी चूक सापडलीय, तू घाबरू नकोस. मी मशीनशी बोलून वर गेले होते.

"काल रात्रीच सांगायला पाहिजे होतं मी."

"आता सांगितलंत ना," रामदास म्हणाला. पण आता आणि काल रात्र यांच्यामध्ये त्याने जे सोसलं असेल, ते माझ्या फायलीत कुठल्याच ओळीत येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी दिवा लावते न लावते तोच मालनकाकू दारात. हातात तांब्याचा छोटा गडू, काशीहून आणलेला, तोंडाला लाखेची मोहोर. ती त्यांनी माझ्या ओट्यावर चमच्याने फोडली.

"बादल्या भर रात्री," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीत एक थेंब. गंगा शिळी होत नाही. मला हे आधी कसं सुचलं नाही, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. आम्ही दोघी मिळून सगळ्या मजल्यांवर गेलो.

व्रताचे उरलेले दिवस मी मौन पाळलं, पण दार वाजवून कुणी काही विचारलं तर दारातच उत्तर द्यायचं, एवढी सूट देवाकडे मागून घेतली. त्याने नाही म्हटलं नाही. मनमोहन म्हणतात, नवसाचं फळ थोडं कमी झालं.

आता नऊ वाजता रामदास पंपाचं बटण दाबतो आणि जिन्याच्या तळाशी उभा राहून वर हाक देतो, "भरा हो." मग मजल्यामजल्यावर बादल्यांत पाणी पडल्याचा आवाज येतो, आणि टाकी मागून पुन्हा भरते.

"आज उशीर झाला रे दोन मिनिटं," पाचव्यावरून मालनकाकूंचा आवाज.

"नाय हो काकू. वहिनींच्या मशीनला विचारा."